उचल फिटल्याशिवाय जायचं नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या दोन-तीन आठवड्यांत आपल्या पेपरात गुलामगिरीवर वाचकांची पत्रं आली ती सगळी वाचली. एका भाऊंचं म्हणणं की जगाने १९२६ लाच गुलामगिरी बंद केली, आता तो विषय उकरून काय उपयोग. दुसऱ्यांचं एकदम उलटं, आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे नुसता कागद, खरी बंदी कुठेच नाही. मला दोन्ही पटलं नाही. बंदी आहे, चांगली पक्की आहे, पण ती कोणावर आहे आणि तिच्यात कुठे-कुठे मोकळी जागा सोडलेली आहे हे कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबेल, जमलं तर पूर्ण छापा.

मी वकील नाही. तालुक्याच्या गावी कचेरीजवळ माझं झेरॉक्स-टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. पोळा झाला की मुकादम लोक, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारे ठेकेदार, उचल म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम वाटायला लागतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत माझ्याकडे स्टॅम्पपेपरची गर्दी असते. पूर्वी शंभरचा स्टॅम्प चालायचा, आता पाचशेचा लागतो, आणि तो खर्चपण मजुराच्या नावावर टाकतात. डोंगरातले पावरा-भिल्ल भाऊ, तांड्यावरची माणसं, नवरा-बायको जोडीने येतात कारण उसाच्या कामात जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. कोणी गुजरातेत बारडोलीकडे जातं, कोणी पश्चिम महाराष्ट्रात.

त्या कागदावर काय असतं ते सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. त्यात ऊसतोडीचा शब्दच नसतो. "लिहून देणार यांनी लिहून घेणार यांचेकडून घरगुती अडचणीकरिता हातउसने रोख रुपये अमुक घेतले असून मागणी करताच बिनतक्रार परत करीन" असं असतं. मुकादम कोण, कारखाना कोणता, टनाला दर काय, दिवस किती, काहीच नाही. खाली अंगठा, बाजूला जामीन म्हणून भाऊ नाहीतर सासरा, त्याचापण अंगठा. पाच मिनिटांत काम होतं. असे शेकड्याने कागद मी माझ्या हाताने टाईप केलेत, आणि पहिली बरीच वर्षं मला त्यात काही चुकीचं वाटलंसुद्धा नाही, पैसे घेतले तर कागद होणारच ना, असंच वाटायचं.

मग एका वर्षी पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, एक ओळखीची जोडी दुकानात आली, हातात शंभर पानी वही. मुकादमाचा हिशोब. म्हणे दादा जरा वाचून सांग. उचल सत्तर हजार. मधे खाण्यापिण्यासाठी घेतलेली खावटी वेगळी आणि ती दीडपट लावलेली. बायको बाळंत झाली ते बारा दिवस खाडे, एका खाड्याचे पाचशे प्रमाणे सहा हजार नावावर. म्हणजे त्या दिवसांची मजुरी तर नाहीच, वरून दंड. तोडलेल्या उसाचे टन किती ते मात्र एकाच आकड्यात, शेवटी, एकदम, स्लिपा कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. नवरा-बायकोने पहाटे चारपासून दिवसाला दोन टनाच्या आसपास ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या, रात्री-बेरात्री गाडी आली की उठून भरली, असे साडेपाच महिने. आणि खाली बाकी होती बावीस हजार. मजुराच्याच अंगावर. मी म्हटलं, अरे मग पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे जा. त्याने जे सांगितलं ते अजून डोक्यात बसलंय. "दादा, मी काय गुलाम शे का? पन उचल फिटनी नही, मंग जाऊ कथा?" म्हणजे उचल फिटली नाही, मग जाऊ कुठे.

आता याला कायदा काय म्हणतो ते बघू. मी त्या दिवसापासून हळूहळू वाचत गेलो, एक-दोन वकील मित्रांना विचारत गेलो.

१९२६ चा जिनिव्हाचा करार, लीग ऑफ नेशन्सच्या काळातला. त्यात गुलामगिरीची व्याख्या अशी की एखाद्या माणसावर मालकीहक्काचे सगळे किंवा त्यातले काही अधिकार चालवले जात असतील तर ती गुलामगिरी. पण तेव्हाच्या साम्राज्यांना गुलामगिरी बंद करायची होती, मजुरी मात्र फुकटात हवी होती, म्हणून त्याच करारात सक्तीची मजुरी सरळ बंद केलीच नाही, सार्वजनिक कामासाठी चालेल म्हणाले. मग १९३० ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २९ नंबरचा करार आला. शिक्षेची भीती घालून आणि माणूस स्वतःहून तयार नसताना करून घेतलेलं कोणतंही काम म्हणजे सक्तीची मजुरी. व्याख्या चांगली आहे. पण पुढे सवलती बघा: सक्तीची लष्करी नोकरी, कोर्टाने शिक्षा दिलेल्या कैद्याचं काम, पूर-दुष्काळासारखं संकट, गावाची छोटी कामं, हे सगळं व्याख्येतून बाहेर. आणि वसाहतींसाठी तर "तोपर्यंत" म्हणून अठरा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांना वर्षाला साठ दिवसांपर्यंत राबवायची मुभासुद्धा होती. ही जुनी कलमं अधिकृतपणे काढायला २०१४ चा प्रोटोकॉल, म्हणजे मूळ कराराला जोडलेला करार, यावा लागला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं चौथं कलम गुलामगिरी आणि दास्य बंद म्हणतं, सक्तीची मजुरी हा शब्द त्यात नाही. १९६६ च्या नागरी-राजकीय हक्कांच्या करारात तो आहे, पण तिथेही फरक केलाय. देशावर आणीबाणी आली तरी गुलामगिरी आणि दास्याची बंदी उठवता येत नाही, सक्तीच्या मजुरीची उठवता येते. म्हणजे खरी बंदी कुठेच नाही असं ज्यांनी लिहिलं, त्यांचं एवढं खरं आहे की बंदीत भोकं आहेत. अमेरिकेच्या तेराव्या दुरुस्तीतसुद्धा १८६५ पासून "गुन्ह्याची शिक्षा सोडून" हे शब्द आजही तसेच आहेत.

पण म्हणून बंदीच नाही असं म्हणणं मला नुसतं चुकीचं नाही, घातक वाटतं. आपल्या जोडीचा प्रश्न तर त्या कायद्याने नाव घेऊन लिहून ठेवलाय. १९५६ चा पूरक करार, भारताने तो १९६० ला मान्य केलाय, त्यात कर्जापोटी वेठ म्हणजे काय ते सांगितलंय. कर्जाच्या बदल्यात माणसाने आपली मेहनत गहाण ठेवली, आणि त्या मेहनतीची वाजवी किंमत कर्जातून वळती होत नसेल किंवा काम किती दिवस आणि कसलं हे ठरलेलं नसेल, तर ते बंद करायचं. परत वाचा ही ओळ. मुकादमाच्या वहीशी ताडून बघा. सत्तर हजार, बाळंतपणाचे खाडे, एकाच आकड्यातले टन. हजारो मैलांवर बसून कोणीतरी आमच्या तालुक्याची वही बघून लिहिल्यासारखी ती ओळ आहे. साखळदंडाचा त्यात उल्लेखही नाही, मालक-गुलाम असा कागद लागत नाही. फक्त हिशोब बघा म्हणते.

इथे मला माझ्या आजोबांचं सांगावंसं वाटतं. ते सालदार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आपल्या खान्देशात साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. पैसे इतके, दाणे इतके, कपड्याचा जोड, पायात चप्पल. आजी सांगायची की आखाजीच्या दिवशी सालदार कोणाचाच नसायचा. पितरांची घागर भरायची, पोरी झोक्यावर गाणी म्हणत असायच्या, आमरस-पुरणपोळी असायची, आणि दुपारनंतर ओट्यावर हिशोबाला बसायचं. मागचं फिटलं असेल तर उद्यापासून दुसऱ्या दारी जायला मोकळा. नसेल फिटलं तर त्याच दारी. माझ्या आत्याच्या लग्नाला आजोबांनी पैसे उचलले आणि अकरा आखाज्या ते त्याच ओट्यावर बसले. शेतमालक वाईट माणूस नव्हता असंच आजी म्हणायची, मारहाण नाही, शिवीगाळ नाही, सणाला ताट वाढून द्यायचा. पण अकरा वर्षांत आजोबांनी एकदाही आपला हिशोब स्वतः बघितला नव्हता, लिहिलेलं वाचताच येत नव्हतं. १९७२ ला शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, त्याआधीपासून अंबरसिंग महाराज आदिवासींना एकत्र करत होते, तेव्हा सालदारांची मजुरी हा मोठा प्रश्न होता, आणि आमच्या घरात त्या दिवसांची आठवण निघाली की आजी आवाज खाली करून बोलायची. का ते मला मोठं झाल्यावर कळलं.

आपल्या देशाचा कायदा तर जिनिव्हाच्या पुढे गेलेला आहे हे पण सांगितलं पाहिजे. घटनेचं २३ वं कलम बघा, इंग्रजी मूळ मजकुरात बेगार हा आपलाच शब्द घातलाय. ती बंदी फक्त सरकारवर नाही, तुमच्या-माझ्यासारख्या खासगी माणसावरसुद्धा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या विरोधात बिल आणलं होतं, वतनाच्या नावाखाली अख्ख्या जातीकडून दिवसरात्र वेठ कशी घेतली जाते ते त्यांनी मांडलं होतं, त्यामुळे हा शब्द घटनेत उगाच आलेला नाही. मग १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम आणि १९७६ ला वेठबिगार निर्मूलनाचा कायदा. त्यात वेठीचं कर्ज रद्द, फेडायची जबाबदारीच संपली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मजूर म्हणाला की हे वेठीचं कर्ज आहे, तर तसं नाही हे सिद्ध करायचं काम पैसे देणाऱ्याचं. १९८२ ला सुप्रीम कोर्टात एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांची केस झाली, न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी, कारण भूक आणि गरिबी ही पण सक्तीच आहे, पोटाला नसलेला माणूस राजीखुशीने आला असं म्हणता येत नाही. हे इतकं स्पष्ट १९३० च्या करारातही नाही.

मग अडतंय कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी.

एक, आंतरराष्ट्रीय कायदा मुकादमाशी बोलत नाही, सरकारशी बोलतो. सरकारने बंद करावं, सरकारने शिक्षा ठेवावी. सरकारने नाही केलं तर सरकारला कोणीतरी विचारायला पाहिजे. आफ्रिकेत नायजर देशातली हादीजातू मानी, बारा वर्षांची असताना विकली गेली, तिने स्वतःच्या देशाविरुद्ध पश्चिम आफ्रिकी देशांच्या कोर्टात केस केली आणि २००८ ला जिंकली, कोर्टाने सांगितलं कायदा असूनही देशाने हिला वाचवलं नाही, भरपाई द्या. ब्राझीलचं तर अगदी आपल्यासारखं. गरीब भागातून ॲडव्हान्स देऊन माणसं लांबच्या फार्मवर न्यायची, पोहोचल्यावर सांगायचं की तुमच्यावर प्रवासाचं-जेवणाचं कर्ज आहे, पहारा ठेवायचा. अमेरिका खंडाच्या मानवी हक्क कोर्टाने २०१६ ला ब्राझील सरकारलाच जबाबदार धरलं आणि म्हटलं गुलामगिरी ठरवायला मालकीचा कागद लागत नाही. आपल्या आशियात असं कोर्टच नाही. भारताने १९६६ चा करार १९७९ ला मान्य केला, पण एकट्या माणसाला वर तक्रार करता यावी म्हणून जो वेगळा प्रोटोकॉल आहे त्याच्यावर सही केलेली नाही, २०१४ च्या प्रोटोकॉललाही अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे आमच्या जोडीसाठी जगाचा सगळा कायदा येऊन थांबतो जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर. १९७६ च्या कायद्याने जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती पाहिजे, चौकशी पाहिजे, सुटलेल्या माणसाला मुक्तीचं प्रमाणपत्र पाहिजे, त्याच्यावरच त्याला पुनर्वसनाचे पैसे मिळतात. अठरा वर्षांत माझ्या दुकानात हजारो प्रकारचे दाखले प्रिंटला आले, उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे. मुक्तीचं प्रमाणपत्र एकदाही नाही आलं.

दुसरं अडतं ते कागदात. त्या स्टॅम्पवर हातउसने लिहिलं की काम आणि कर्ज यांची गाठच सुटते. उद्या साहेब आले तरी मुकादम म्हणणार, हा तर माझा उसनवारीचा व्यवहार, ऊसतोडीचा काय संबंध. मजूर मधेच निघून आला तर फसवणुकीची तक्रार देतात. आणि इथे एक जुनी गोष्ट सांगतो जी वाचून मी खरंच हादरलो. इंग्रजांनी १८५९ ला एक कायदा केला होता, ॲडव्हान्स घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षा. कामावर परत जा नाहीतर जेलात. तो कायदा १९२५ ला रद्द केला. शंभर वर्षं झाली रद्द होऊन. आणि आजही तोडीवरून पळून आलेल्या माणसाला पोलीस स्टेशनला बसवून ठेवतात आणि जामीन राहिलेल्या सासऱ्याला बोलावतात, मग तडजोड होते आणि टेम्पो त्याला परत फडावर सोडून येतो. रद्द झालेला कायदाच चालवल्यासारखं झालं हे.

मुकादमांची बाजू मला माहीत नाही असं नाही. त्यांच्यात माझे ओळखीचे आहेत, गरिबीतूनच वर आलेले आहेत. तेसुद्धा कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून पैसे उचलतात, टोळी बुडवून गेली की शेती विकायची पाळी येते, चार ठिकाणी उचल घेऊन कुठेच न जाणारे पण असतात. मान्य. पण त्याची वसुली दिवाणी कोर्टात करा, नोटीस द्या, दावा लावा. माणूस उचलून नेणं, त्याचा पोरगा नाहीतर बैलजोडी ठेवून घेणं, बाळंतिणीला खाडा लावणं, हे वसुलीत बसत नाही. आणि खरं सांगायचं तर सगळी जोखीम मुकादमावर आणि मुकादमाची मजुरावर ढकलून कारखाना मात्र म्हणतो हे आमचे कामगारच नाहीत, तिथे कोणी बोट ठेवत नाही. ऊस कोणाच्या गव्हाणीत पडतो?

मी काय मागतोय ते थोडक्यात लिहितो. पोळा ते दिवाळी या दिवसांत उचल वाटली जाते, सगळ्यांना माहीत असतं, कुठल्या गावात कोणता मुकादम बसतो तेही माहीत असतं. धुळे, नंदुरबार, जळगाव तिन्ही जिल्ह्यांच्या दक्षता समित्यांनी तेव्हा गावात यावं. माणसं फडावर गेल्यावर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात कोण कोणाला शोधणार. आणि उचलीच्या प्रत्येक कागदावर काम कोणतं, कुठे, किती महिने, टनाला दर काय हे असावं, आणि त्याच्याखाली एक ओळ.

ती ओळ मी मागच्या हंगामात एकदा टाईप करून बघितली. तीच बावीस हजारवाली जोडी परत आली होती, त्याच मुकादमाबरोबर, मोठी पोरगी पण बरोबर, तिचं नाव सहावीतून काढलेलं. मी मुकादमाला विचारून नाही, मनानेच टाकली: "केलेल्या कामाची मजुरी दर पंधरा दिवसांनी या रकमेतून वजा केली जाईल व त्याचा लेखी हिशोब लिहून देणार यांना दिला जाईल." पोरीने ती मोठ्याने वाचून दाखवली, अडखळत, पण पूर्ण. बापाने परत एकदा वाचायला लावली. मुकादम काही बोलला नाही, कागद हातात घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि म्हणाला ही ओळ काढा. मी म्हटलं काढत नाही. माझ्या टायपिंगचे पैसे टेबलावर ठेवले आणि तिघांना घेऊन तो समोरच्या दुकानात गेला.

आपला नम्र वाचक,
एक टायपिंग-झेरॉक्सवाला, खान्देश